यजमानालाही बसून जेवता यावे म्हणून : सुट्टीतील घरगुती मेजवानीची आखणी

सुट्टीच्या दिवसांत मित्रमंडळींना आणि नातेवाइकांना रात्री जेवायला बोलावले, की पुष्कळ घरांत एकच चित्र दिसते. पाहुणे बाहेरच्या खोलीत गप्पा मारत असतात आणि ज्याने त्यांना बोलावले तो शेगडीपुढे घामाघूम होऊन उभा असतो. मधूनच दारात येऊन ‘झालंच हं’ असे सांगतो आणि पुन्हा आत जातो. पाहुण्यांनाही हे अवघड वाटते, कारण यजमान राबत असताना आपण आरामात बसून राहणे कोणत्याही समंजस माणसाला जड जाते. म्हणून मेजवानीची आखणी करताना मी आधी एकच प्रश्न विचारतो : पहिला पाहुणा दारात आल्यापासून जेवण वाढेपर्यंत यजमानाला एकूण किती वेळ स्वयंपाकघरात काढावा लागणार आहे? हा वेळ २० मिनिटांच्या आत आणता आला, तर संध्याकाळ निवांत जाते. तो आत येतो की नाही, हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे निवडलेल्या पदार्थांना थांबता येते की नाही. जो पदार्थ तयार झाल्यावर तासभर वाट पाहू शकतो तो यजमानाला मोकळे करतो, आणि जो वाट पाहू शकत नाही तो त्याला शेगडीशी बांधून ठेवतो.

पदार्थांकडे वळण्याआधी माणसांचा विचार करावा लागतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट आपल्या उत्तरायुष्यात दररोज दुपारी पाहुण्यांसह जेवत असे. जेवणाला तिघांपेक्षा कमी आणि नऊ जणांपेक्षा जास्त माणसे नसावीत, हा जुना दंडक त्याला मान्य होता. अलीकडच्या अभ्यासांतूनही याला पूरक असे काही दिसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या निरीक्षणांनुसार, आपखुशीने चाललेल्या एका संभाषणात साधारण चारच माणसे टिकतात. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पांचे दोन गट पडतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की आठ जणांच्या टेबलावर दोन संभाषणे एकाच वेळी सुखाने चालू शकतात, मात्र पाच जणांच्या टेबलावर एखादा माणूस नकळत बाजूला पडण्याची शक्यता राहते आणि यजमानाला त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. सहा ते आठ ही संख्या मला सर्वांत सोयीची वाटते. टेबलावर एका माणसाला सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीची जागा लागते, हा हिशेब धरून आपल्या घरात किती जण मावतात ते आधी मोजून पाहावे. त्याहून अधिक माणसांना बोलवायचेच असेल, तर टेबलाचा नाद सोडावा, जेवण एका बाजूला मांडून ठेवावे आणि बसण्याच्या जागा खोलीभर पसराव्यात. दहा जणांना सहा जणांच्या टेबलाभोवती कोंबण्यात कोणाचेच सुख नाही.

सुट्टीच्या काळात लोकांना अनेक ठिकाणची बोलावणी असतात आणि पुष्कळ जण प्रवासातही असतात, त्यामुळे आमंत्रण दोन-तीन आठवडे आधी द्यावे. आमंत्रणात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : यायची वेळ, जेवण प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ आणि साधारण किती वाजेपर्यंत बसण्याचा बेत आहे. शेवटची गोष्ट सांगणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. परंतु ज्यांना लहान मुले घेऊन परतायचे असते किंवा सकाळी लवकर निघायचे असते, त्यांना तिचा आधार वाटतो. याच वेळी प्रत्येकाला खाण्याचे पथ्य विचारून घ्यावे. नुसते ‘काही चालत नाही का?’ असे विचारल्यास लोक संकोचाने ‘सगळे चालते’ असे सांगतात. त्याऐवजी शेंगदाणे, बदाम-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जलचर यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का, असे नावानिशी विचारावे. मांसाहार आणि मद्य यांविषयीही तसेच. कोणाला तीव्र ॲलर्जी असेल, तर तो घटक त्या दिवशी घरातल्या स्वयंपाकातून पूर्णपणे वगळणे हाच सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. वेगळे भांडे, वेगळा चमचा, वेगळी पाटी यांचा सांभाळ गर्दीच्या वेळी करता येत नाही, आणि एका पदार्थातला डाव दुसऱ्या पदार्थात कधी गेला हे कळतही नाही.

आता मुख्य विषय, पदार्थांची निवड. रस्सेदार पदार्थ, मंद आचेवर शिजवलेली कडधान्ये, घट्ट सूप, मुरवलेले मांस हे सारे थांबणारे पदार्थ आहेत. ते आदल्या दिवशी केले तरी चालतात आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागतात, कारण मीठ, आंबटपणा आणि मसाल्यांचा अर्क फोडींच्या आतपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो आणि ताज्या मसाल्याचा तिखट उग्रपणा थोडा निवतो. याच्या उलट बाजूला तळलेले पदार्थ आहेत. तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा हा त्याच्या कवचातले पाणी निघून गेल्यामुळे आलेला असतो; तो बाजूला ठेवला, की आतल्या ओलाव्याची वाफ कवचात शिरते आणि काही मिनिटांत ते मऊ पडते. झाकण ठेवल्यास हे आणखी लवकर होते. त्यामुळे पाहुण्यांसाठी तळण करायचे म्हणजे पाहुणे जेवत असताना तळत राहायचे, असाच त्याचा अर्थ होतो. कितीही आवडता पदार्थ असला तरी या एका संध्याकाळी तो बेतातून काढून टाकावा. कुरकुरीत काहीतरी हवेच असेल, तर भाजून हवाबंद डब्यात ठेवलेले दाणे, बिया किंवा कोरडे पापुद्रे जेवणावर भुरभुरायला ठेवता येतात.

पालेभाज्यांच्या कोशिंबिरीचे प्रकरण मधले आहे. पाने धुऊन, पूर्ण कोरडी करून, कापडात गुंडाळून सकाळीच ठेवता येतात. परंतु मीठ आणि आंबट मिश्रण त्यांच्यावर घातले की पानांतले पाणी बाहेर ओढले जाते आणि अर्ध्या तासात ती लोळागोळा होतात. मिश्रण वेगळ्या वाटीत तयार ठेवून वाढण्याच्या क्षणी घालावे. कोबी, गाजर, बीट यांसारख्या टणक भाज्यांना मात्र हेच मुरणे मानवते, म्हणून निवांत जेवणासाठी मी त्यांनाच पसंती देतो. पावाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : पाव फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा लवकर शिळा लागतो, कारण त्यातला स्टार्च थंडाव्यात अधिक वेगाने घट्ट होतो. एखाद-दुसऱ्या दिवसासाठी तो बाहेरच झाकून ठेवावा आणि जास्त दिवसांसाठी थेट फ्रीझरमध्ये घालावा.

एक मुख्य पदार्थ, त्याला जोडून दोन साधे पदार्थ, भात किंवा पाव, एखादी कोशिंबीर आणि एक थंड गोड पदार्थ एवढा बेत आठ जणांना भरपूर होतो. मुख्य पदार्थ शाकाहारी ठेवला आणि मांसाचा पदार्थ बाजूला दिला, तर दोन वेगवेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. बेत ठरवताना घरात किती बर्नर आहेत आणि ओव्हन असल्यास त्यात एका वेळी किती भांडी मावतात, हे मोजून घ्यावे. एकाच वेळी तीन पदार्थ गरम करायचे आणि शेगडी दोनच बर्नरची, अशी गाठ ऐन वेळी सुटत नाही. एक गरम, एक कोमट चालणारा आणि एक थंड अशी वाटणी केली, तर साध्या स्वयंपाकघरातही ताण पडत नाही. पूर्वी कधीही न केलेला पदार्थ या दिवशी करून पाहू नये, हे सगळेच सांगतात आणि तरी सगळेच करतात. फार मोह झाला तर आठवडाभर आधी दोन माणसांपुरता करून पाहावा.

प्रमाण वाढवताना सरसकट गुणाकार करणे फसवे ठरते. तांदूळ शिजताना साधारण आपल्या आकारमानाइतकेच पाणी शोषतो. त्यावर आपण घालतो ते पाणी वाफ होऊन जाते, आणि ही वाफ तांदळाच्या मापावर अवलंबून नसून भांड्याचे तोंड, झाकण आणि शिजण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. त्यामुळे तांदूळ चौपट घेतला आणि पाणीही चौपट घातले, तर भात गिचका होण्याची भीती असते. रश्श्याचेही तसेच : मोठ्या पातेल्यात पाणी तुलनेने कमी आटते, म्हणून सुरुवातीला पाणी बेतानेच घालावे. मीठ आणि तिखट निम्म्याहून थोडे अधिक घालून, पदार्थ शिजल्यावर चाखून वाढवावे. थंड वाढायच्या पदार्थाची चव थंड असतानाच घ्यावी, कारण थंडाव्यात गोडी कमी जाणवते. कोमट असताना नेमके गोड लागलेले मिश्रण फ्रीजमधून काढल्यावर फिके वाटते. मोठे पातेले उकळायला वेळही बराच लागतो. घरी चार जणांचे सूप २० मिनिटांत होते म्हणून बारा जणांचेही तेवढ्यात होईल, असे धरून चालू नये.

वेळापत्रक मागून पुढे लिहावे, हे या सगळ्या आखणीतले सर्वांत उपयोगी काम आहे. कागदावर तळाशी जेवण वाढण्याची वेळ लिहावी, समजा रात्रीचे साडेआठ, आणि तिथून वर जात जावे : सव्वाआठला कोशिंबीर कालवायची, आठला रस्सा मंद आचेवर ठेवायचा, साडेसातला भात लावायचा, सातला पाहुणे येणार, साडेसहाला यजमानाने आंघोळ करून कपडे बदललेले असायला हवेत. हे शेवटचे काम कागदावर लिहिले नाही तर ते कधीच वेळेवर होत नाही. वेळापत्रकात साडेसहा ते सात हा अर्धा तास पूर्ण रिकामा ठेवावा. काही ना काही राहिलेले असतेच, ते त्या अर्ध्या तासात उरकते. काही राहिले नसेल तर पाय पसरून बसता येते. दोन दिवस आधी कोरडी खरेदी आणि फ्रीज रिकामा करणे, आदल्या दिवशी रस्सा आणि गोड पदार्थ, त्याच दिवशी सकाळी चिराचिरी, दुपारी टेबल मांडणे, अशी ढोबळ विभागणी बहुतेक बेतांना लागू पडते. फ्रीज रिकामा करण्याचे काम लोक विसरतात आणि मग आदल्या रात्री मोठे पातेले हातात घेऊन दार उघडे ठेवून उभे राहतात.

आदल्या दिवशी स्वयंपाक करायचा म्हटले की तो नीट थंड करणेही आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ खोलीच्या तापमानात राहू नये. फ्रीजमध्ये ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे आणि वाढेपर्यंत गरम ठेवायचे असेल तर ६० अंशांच्या वर असावे. या दोन तापमानांच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो. मोठे पातेले तसेच्या तसे फ्रीजमध्ये ठेवले, तर त्याचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो, शिवाय फ्रीजमधल्या इतर वस्तूही तापतात. त्यामुळे पदार्थ उथळ, पसरट डब्यांत पाच-सहा सेंटिमीटरच्या थरात ओतावा आणि वाफ निघून गेली की आत ठेवावा. घाई असेल तर डबा थंड पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळावा. भाताच्या बाबतीत विशेष जपावे लागते. ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकून राहतात, कोमट भातात ते वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात त्याच दिवशी करणे बरे. आधी केलेले बाकीचे पदार्थ वाढण्यापूर्वी पूर्ण उकळी येईपर्यंत तापवावेत; नुसते कोमट करून चालत नाही.

खोलीची तयारी यापेक्षा बरीच सोपी आहे, पण तीत दोन-तीन गोष्टी हमखास दुर्लक्षित राहतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे आठ माणसांनी भरलेल्या खोलीत ८०० वॅटचा हीटर लावल्यासारखीच स्थिती होते, आणि त्यात शेगडीची उष्णता मिळते. थंडी असली तरी पाहुणे येण्याआधी खोली थोडी गारच ठेवावी आणि एखादी खिडकी फटीएवढी उघडी असू द्यावी. दिवे पिवळसर आणि डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावेत; छतावरचा एकच प्रखर पांढरा दिवा चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पाडतो. मात्र जेवणाचे भांडे आणि जिन्याची पायरी स्पष्ट दिसेल एवढा उजेड हवाच, विशेषतः वयस्कर पाहुणे असतील तेव्हा.

आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणाप्रमाणे, भोवतालचा गलका वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज वाढवतो. भर खोलीत हे चक्र सुरू होते : संगीत थोडे मोठे, म्हणून बोलणे मोठे, म्हणून शेजारच्या गटाचे बोलणे आणखी मोठे. तासाभरात सगळ्यांचे घसे दुखू लागतात आणि ज्यांना कमी ऐकू येते ते गप्प बसतात. संगीत लावायचेच असेल तर शब्द नसलेले आणि इतके हळू लावावे, की लोक बोलू लागल्यावर ते ऐकूही येऊ नये. टेबलावर जाड कापड, जमिनीवर सतरंजी, खिडकीला पडदे यांनी आवाजाचा घुमारा पुष्कळ कमी होतो. टेबलाच्या मध्यभागी उंच फुलदाणी ठेवू नये. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे.

पाहुणे आल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे यजमानाने स्वयंपाकघराबाहेर काढावीत, कारण ओळखी नसलेल्या माणसांना त्याच वेळी त्याची गरज असते. दोघांची ओळख करून देताना नुसती नावे न सांगता दोघांना बोलता येईल असा एक धागा सांगावा. पाणी आणि पेये पाहुण्यांना स्वतः घेता येतील अशी एका कोपऱ्यात मांडून ठेवावीत, पण तो कोपरा जेवणाच्या मांडणीपासून आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब असावा, नाहीतर सगळी गर्दी एकाच ठिकाणी अडते. मद्य ठेवले असेल, तर मद्य नसलेले पेयही तितक्याच चांगल्या ग्लासांत आणि तितक्याच दर्शनी जागी ठेवावे, म्हणजे न पिणाऱ्याला कोणापुढे खुलासा करावा लागत नाही. गाडी चालवून कोण परतणार आहे, हेही आधीच विचारून ठेवावे. जेवणाआधी चघळायला थोडेसेच ठेवावे. भुकेलेले पाहुणे स्वयंपाकाला दाद देतात. आधीच पोट भरलेले पाहुणे केवळ भिडेखातर जेवतात.

मदतीच्या प्रश्नावर पुष्कळ यजमान चुकीचे उत्तर देतात. ‘काही मदत करू का?’ असे कोणी विचारले, की ‘छे छे, तुम्ही बसा’ म्हणण्याची सवय असते, आणि विचारणारा अवघडून बसतो. त्याऐवजी छोटी, सुटी, चूक झाली तरी न बिघडणारी कामे आधीच मनात ठेवावीत : पाण्याचे ग्लास भरणे, पाव कापणे, मुलांना आधी वाढणे, आल्या-गेल्यांचे कोट ठेवणे. जे पाहुणे ‘आम्ही काय आणू?’ असे विचारतात, त्यांना फळे, पेये किंवा बर्फ यांपैकी नेमके काहीतरी सांगावे. ज्याला आल्यावर शेगडी किंवा ओव्हन लागेल असे काही मात्र सांगू नये. बर्फ नेहमीच कमी पडतो. माणशी अर्धा किलो धरला, तर पेये थंड ठेवायला आणि ग्लासांत घालायला पुरतो.

वाढण्याची पद्धत निवडताना मोठी भांडी टेबलावरच ठेवून एकमेकांनी वाढून घेणे हे मला सर्वांत सुटसुटीत वाटते, कारण भांडे पुढे सरकवताना अनोळखी माणसेही बोलू लागतात. प्रत्येक भांड्यात त्याचा स्वतंत्र डाव असावा आणि पदार्थात न दिसणारे दाणे, दूध किंवा मांस असल्यास शेजारी छोटी चिठ्ठी ठेवावी. यजमानाने सर्वांबरोबर बसावे, आपल्याच पदार्थांतल्या उणिवा सांगत बसू नये आणि कोणी नको म्हटल्यास पुन्हा आग्रह करू नये. मुलांना अर्धा तास आधी जेवू घालून त्यांच्यासाठी वेगळी खोली किंवा खेळ ठेवला, की मोठ्यांचे जेवण अखंड होते.

जेवण झाल्यावर ताटे उचलावीत, पण घासायला लागू नये. पाहुणे येण्याआधी सिंक आणि कचऱ्याचा डबा रिकामे केलेले असतील, तर उष्टी भांडी गरम साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायला पाच मिनिटे पुरतात. भांड्यांचा खडखडाट सुरू झाला, की पाहुणे निघण्याची खूण समजतात. उरलेले अन्न मात्र त्याच वेळी, गोड पदार्थ मांडण्यापूर्वी, फ्रीजमध्ये जायला हवे, कारण दोन तासांचा हिशेब भांडे टेबलावर आल्यापासून चालू झालेला असतो. ज्यांना घरी न्यायचे आहे त्यांच्यासाठी परत न मागण्याजोगे डबे हाताशी ठेवावेत. लांबचा प्रवास असलेल्यांना मात्र ते देऊ नये. आपल्याकडे राहिलेले तीन-चार दिवसांत संपवावे, आणि दर वेळी खायचे तेवढेच बाहेर काढून नीट उकळावे.